कॉम्प्युटरचा स्वेटर

"एका कॉफीत!" माझा साडू रादोयको म्हणाला. "कपातला फेस खाली बसायच्या आत तुमचा कॉम्प्युटर सुरू करून दाखवतो. अरे मिलिसाव, मी शहरात बँकांचे कॉम्प्युटर उठवलेत. तुमचं ते खोकं कसलं घेऊन बसलास!"

हे त्याने रविवारी माझ्याच घरी, माझ्याच कोकराची तंगडी हातात धरून सांगितलं. माझी बायको विदा म्हणाली, "बघा, याला म्हणतात माणूस!" आणि दुसरी तंगडीही तिने भावोजींनाच वाढली.

सोमवारी सकाळी भावोजी केंद्रावर आले. केंद्रावरच्या देसांकामावशींनी कॉफी ओतली, रादोयकोने बटण दाबलं. फेस बसला. कॉफी गार झाली. मग ती पिऊनही झाली. मावशींनी रिवाजाप्रमाणे त्याचा कप बशीत उपडा घातला, जरा वेळाने उचलून गाळात त्याचं भविष्य बघितलं आणि म्हणाल्या, "एक माणूस दिसतोय. नुसता बसलाय."

पडद्यावर गोल चक्र फिरत होतं.

"डिस्क म्हातारी झालीय," रादोयको म्हणाला.

"म्हातारी झाली म्हणून काय झालं?" मावशी म्हणाल्या. त्या सत्तरीच्या आहेत. "मी नाही पहाटे उठत?"

केंद्र म्हणजे आमच्या वरच्या लिप्नित्सा गावाचं रास्पबेरी खरेदी केंद्र. पूर्वी बकऱ्यांचा गोठा होता, आता मी आहे. जुलैत अख्खं गाव दिवसभर रास्पबेरी तोडतं आणि संध्याकाळी क्रेट घेऊन दारात उभं राहतं. देसांकामावशी वजन करतात, मी कॉम्प्युटरवर आकडा टाकतो, पावती निघते, क्रेट थंड ट्रकमध्ये जातो. पावती नसेल तर ट्रकवाला तिहोमिर क्रेटला हात लावत नाही. हाताने लिहिलेली चालत नाही. कोल्ड स्टोरेजचा नियमच तसा. आणि आमचा कॉम्प्युटर रोज ऐन गर्दीत फट्‌ करून बंद पडायचा. पुन्हा सुरू होईपर्यंत लोक घरी जाऊन गाय पिळून परत यायचे. रास्पबेरीला मात्र घरी जाता येत नाही. ती उन्हात आधी बसते, मग झोपते, मग क्रेटच्या तळातून गळायला लागते.

गेल्या आठवड्यात कोल्ड स्टोरेजच्या मॅनेजरचा फोन आला होता. "मिलिसाव, ट्रक आठला निघालाच पाहिजे. येत्या शुक्रवारपर्यंत बघतो. नाही जमलं तर तुमचं केंद्र बंद. माल खालच्या लिप्नित्सात नेऊन देत जा."

खालच्या लिप्नित्सात! तिथल्या केंद्रावर वुकोमान बसतो. चष्म्याच्या वरून बघतो, आपल्या क्रेटमध्ये बोट खुपसतो आणि म्हणतो, "हं. वरच्यांची का." त्या एका 'हं'साठी मी डोंगर उतरून रोज जायचं? आणि माझ्या मागे अख्खं गाव? मला त्या आठवड्यात जेवण जात नव्हतं. म्हणून तर कोकराच्या दोन्ही तंगड्या रादोयकोला मिळाल्या.

आता कॉम्प्युटर. तो म्हणजे वजनकाट्याच्या आणि माझ्या टेबलाच्या मधोमध ठेवलेलं काळं खोकं. मागच्या थंडीत देसांकामावशींनी त्याला स्वेटर विणला. निळा, पोटावर दोन गुंड्या, आणि सुरू करायचं बटण दाबता यावं म्हणून एक भोक. कारण काय, तर खोक्याच्या पाठीतून वारा येतो आणि तो थेट मावशींच्या कमरेवर बसतो. आमच्याकडे उन्हाने कुणी गेलं तर लोक हळहळतात. वाऱ्याने गेलं तर विचारतात, खिडकी कुणी उघडी ठेवली होती? समोरासमोरच्या दोन भोकांतून जो वारा फिरतो त्याला आम्ही प्रोमाया म्हणतो. मानेत शिरला की मान गेली, कमरेत शिरला की कंबर. त्यामुळे केंद्राच्या खिडक्या जुलैतही बंद, दार फक्त क्रेट जाईल एवढंच उघडं, आणि खोक्याला स्वेटर. यात कुणालाच काही विशेष वाटत नव्हतं. रादोयकोलाही नाही. त्याने गुंड्या काढताना लोकर बोटांत धरून बघितली आणि विचारलं, "घरच्या मेंढीची?"

"मग काय बाजारची?" मावशी म्हणाल्या.

शेवटी एकदाचा कॉम्प्युटर उठला. उठला म्हणजे कसा, तर आधी चर्चची घंटा वाजली आणि आज कोणत्या संताचा दिवस आहे ते पडद्यावर आलं. मग रेडिओ आपोआप सुरू होऊन अकॉर्डियन वाजायला लागलं. मग पत्त्यांच्या डावाने विचारलं, अर्धा राहिलेला डाव पुढे खेळायचा का. मग व्हायरस पकडणारे तीन प्रोग्राम आले आणि एकमेकांनाच पकडायला लागले. शेवटी जुन्या प्रिंटरचा निरोप आला की शाई संपलीय. त्या प्रिंटरवर गेली तीन वर्षं कोंबड्या बसतात.

रादोयकोने कपाळाला हात लावला. "अरे, हे काय लग्न आहे? दार उघडल्या उघडल्या एवढी वरात आत घुसली तर त्या बिचाऱ्याने उठायचं कधी? सुरू होताना यातलं कुणी नको. ज्याला बोलवू तो येईल."

"संतांनाही काढणार?" मावशींचा आवाज बदलला.

"संत राहतील मावशी, पण बोलावल्यावर येतील."

"मेल्या, संतांना बोलवावं लागत नाही!"

पुष्कळ घासाघीस झाली. शेवटी संत राहिले, घंटा गेली. पत्त्यांचा डाव माझा होता, तो मी गुपचूप जाऊ दिला. मग रादोयकोने खोकं काखेत मारलं आणि शहरातल्या घरी घेऊन गेला. डिस्क बदलतो म्हणाला. स्वेटर इथेच खुर्चीच्या पाठीवर राहिला. ते दोन दिवस आम्ही सुट्टीवर आलेल्या माझ्या लेकीच्या लॅपटॉपवर कसेबसे काढले.

मंगळवारी त्याचा व्हिडिओ आला. रादोयको आपल्या गच्चीत, द्राक्षांच्या मांडवाखाली, गंजीफ्रॉकमध्ये. शेजारी आमचं खोकं. "बघा हं," तो म्हणाला आणि बटण दाबलं. त्याचं 'हं' संपायच्या आत सगळं उघडलं. विदाने तो व्हिडिओ अख्ख्या गल्लीला दाखवला. ज्यांनी मागितला नव्हता त्यांनाही दाखवला.

बुधवारी सकाळी रादोयको खोकं घेऊन परत आला. मी तारा जोडल्या, मावशींनी स्वेटर चढवला, गुंड्या लावल्या, खांद्यावर जरा ओढून नीट केला.

"छान बसलाय," रादोयको म्हणाला. "धूळ जायची नाही आत."

बटण दाबलं. सुरू! डोळ्याचं पातं लवायच्या आत! मी प्लमच्या दारूची बाटली काढली. मावशींनी छातीवर क्रॉसची खूण केली. रादोयको म्हणाला, "काही नाही हो, डोकं लागतं थोडं," आणि तिसरा पेला पुढे केला.

संध्याकाळी रांग दारापासून पार विहिरीपर्यंत गेली होती. बाहेर ऊन भाजत होतं, आत बंद खिडक्यांत आम्ही शिजत होतो. पंधरा-वीस क्रेट गेले आणि फट्‌. पडदा काळा.

बटण दाबलं. गोल चक्र.

"अगं बाई," रांगेतून कुणीतरी म्हणालं, "हे आलं परत."

रादोयकोने आणखी एक पेला घेतला, या वेळी मी न देताच. चक्र फिरत राहिलं. कसंबसं चालू झालं, चार पावत्या काढल्या आणि पुन्हा गेलं. ट्रक निघाला तेव्हा चंद्र वर आला होता. दुसऱ्या दिवशी मॅनेजरने फोनवर एवढंच म्हटलं, "उद्या शुक्रवार आहे, मिलिसाव." नमस्कारही केला नाही.

गुरुवारी ज्याच्या त्याच्याकडे एकेक कारण होतं. कुणी म्हणालं वीज कमी येते. कुणी म्हणालं उंदीर. विदाने सांगितलं की खालच्या लिप्नित्साची नजर लागलीय, आणि खोक्यावर लसणाची माळ ठेवली. रादोयकोने पुन्हा खोकं घरी नेलं, पुन्हा गच्चीत लावलं; आम्ही पुन्हा लॅपटॉपवर भागवलं. पुन्हा डोळ्याचं पातं लवायच्या आत सुरू. संध्याकाळभर बंद करून चालू करून बघितलं, एकदाही अडलं नाही. शुक्रवारी सकाळी तो ते परत घेऊन आला तेव्हा त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"माझ्याकडे उडतो," तो म्हणाला. "इथे आणला की आडवा होतो. मिलिसाव, मला वाटतं, याला तुमचं गाव आवडत नाही."

"माझा नवराही असाच होता," मावशी गुंड्या लावता लावता म्हणाल्या. "दुसऱ्यांच्या घरी सगळी लाकडं फोडून द्यायचा."

शुक्रवारची संध्याकाळ. लेक लॅपटॉप घेऊन शहरात परत गेलेली. आदल्या तीन दिवसांपेक्षा उकाडा जास्त. तिहोमिरने ट्रक दाराला मागून लावला आणि घड्याळाकडे बोट दाखवून ट्रकच्या शिडीवर बसला. पहिले क्रेट भराभर गेले. मी आकडा टाकताना श्वास धरून ठेवत होतो, जणू माझ्या श्वासानेच ते बंद पडणार होतं. आणि अर्धी रांग संपली तोच, फट्‌.

माणसं आपापल्या क्रेटकडे बघत उभी राहिली. पहिल्या क्रेटच्या तळातून एक लाल थेंब फरशीवर पडला. मग दुसरा.

"वुकोमान चष्मा पुसत असेल आता," मागून कुणीतरी म्हणालं.

रादोयकोने उडी मारली. "सरका! सरका, मला मागची तार बघू दे!" तो टेबलाला वळसा घालून धावला, त्याचं कोपर टेबलाच्या कडेवरच्या क्रेटला लागलं आणि एक अख्खा क्रेट, वरपासून खालपर्यंत, कॉम्प्युटरच्या अंगावर रिकामा झाला.

निळा स्वेटर लाल झाला.

"माझी लोकर!" देसांकामावशी किंचाळल्या. वजनकाटा सोडून त्या धावल्या, गुंड्या तोडतच स्वेटर उतरवला आणि तशाच विहिरीवर पळाल्या. डाग लगेच गार पाण्यात घातला नाही तर जन्मभर जात नाही, असं जाताना ओरडून सांगितलंही. इकडे ज्याची रास्पबेरी सांडली तो रादोयकोला शिव्या देत होता, रादोयको माझी माफी मागत होता आणि मी मॅनेजरला काय सांगायचं ते मनात जुळवत होतो. खोकं मध्ये उघडंवाघडं उभं होतं. बराच वेळ त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

शेवटी रादोयकोने चिकट बोटाने बटण दाबलं. आशा म्हणून नाही, हात कुठेतरी ठेवायचा म्हणून.

सुरू!

"मिलिसाव!" तो ओरडला. "बघितलंस? नवी डिस्क! म्हणालो नव्हतो? डिस्क बसायला जरा वेळ लागतो!"

मला कारण नको होतं. मी आकडे टाकत सुटलो. विदा वजनाला उभी राहिली, पावत्या सर्रसर्र निघायला लागल्या, तिहोमिर शिडीवरून उठला. एवढ्यात मावशी हात पुसत परत आल्या, विदाला बाजूला करून आपल्या खुर्चीवर बसल्या आणि एकदम ताठ झाल्या.

"वारा," त्या म्हणाल्या.

आणि खांद्यावरची शाल काढून त्यांनी खोक्याला गुंडाळली. व्यवस्थित, मागून दोन पदरी.

खोकं कण्हायला लागलं. मी एक आकडा टाकला, तो पडद्यावर यायला एवढा वेळ लागला की मला वाटलं मी टाकलाच नाही. रादोयकोने मागे हात घातला आणि चटका बसल्यासारखा काढला. शाल उचलली. आकडा आला. शाल ठेवली. चक्र. उचलली, गेलं. ठेवली, आलं. हळूहळू त्याचा चेहरा सांडलेल्या रास्पबेरीसारखा झाला.

"मिलिसाव," तो हळूच म्हणाला. "स्वेटर."

"स्वेटरचं काय?"

"त्याने गरम होतो हा."

"स्वेटरने गरम होणारच की. त्यासाठीच घालतात."

"अरे, माझ्या गच्चीत हा उघडा होता! इथे याचं नाकतोंड बांधून ठेवलंय तुम्ही. गरम होतो, मंदावतो, घेरी येऊन पडतो. आणि पडला की तसाच तापलेला उठवतो आपण त्याला." तो मावशींकडे वळला. "मावशी, शाल काढावी लागेल."

मावशींनी हाताची घडी घातली. "शाल निघाली तर मी उठले. करा तुम्ही वजन."

आता रांगेत दोन पक्ष पडले. घड्याळ आठाकडे चाललंय, क्रेट गळताहेत, आणि अर्धे लोक मावशींच्या बाजूने! एक म्हणाला, त्याच्या मेव्हणीचं तोंड बसच्या खिडकीत बसून असंच वाकडं झालं. दुसऱ्याने सांगितलं, त्याच्या मामाला तर पंख्याने कायमचं बहिरं केलं. तिसरा म्हणाला, खोकं फिरवा ना, पाठ रांगेकडे करा. यावर सगळी रांग एकदम दोन पावलं मागे गेली. तसंही तारा तेवढ्या लांब नव्हत्या.

"अहो मावशी," मी म्हणालो, "केंद्र गेलं तर तुम्हाला खाली वुकोमानच्या हाताखाली वजन करावं लागेल."

"वुकोमानकडे दार नैऋत्येला आहे," मावशी म्हणाल्या. "तिथे वारा नाही."

तेव्हा विदा पुढे झाली. तिने खोक्याकडे बघितलं, मावशींच्या कमरेकडे बघितलं, मग रादोयकोकडे वरून खाली आणि विशेषतः आडवं बघितलं.

"भावोजी," ती म्हणाली, "तुम्ही मध्ये उभे राहा."

"मी?"

"तुमच्या पलीकडे काय वारा जाणार आहे?"

"आणि मला लागला तर?" रादोयको खरंच घाबरला होता. बँकांचे कॉम्प्युटर उठवणारा माणूस, पण कंबर शेवटी आमच्याच मातीची. "माझी आधीच धरते."

"तुम्हाला शाल बांधते."

आणि बांधली. कमरेला दोन वेढे, पोटावर गाठ. रादोयको खोक्याकडे पाठ करून, मावशींकडे तोंड करून, दोन्ही हात टेबलावर टेकून भिंतीसारखा उभा राहिला. भट्टीसारखी वाफ त्याच्या पाठीवर येत होती आणि घाम नाकाच्या शेंड्यावरून टेबलावर.

"जरा डावीकडे," मावशी म्हणाल्या. "अजून. फटीतून येतोय."

"मावशी, तो दारातून येतोय."

"बोलू नकोस, बोललास की हलतोस."

मग मात्र जे काम झालं ते मी सात हंगामांत पाहिलं नव्हतं. क्रेट, आकडा, पावती. क्रेट, आकडा, पावती. एकदा माझ्या हातून चुकून कॉम्प्युटर बंद झाला, अख्खी रांग "आई गं" म्हणाली, आणि त्यांचं "गं" संपायच्या आत तो परत सुरू होऊन संतांचं नावसुद्धा दाखवून गेला. मावशींनी खूश होऊन छातीवर क्रॉसची खूण केली. म्हाताऱ्या बायका एकमेकींना कोपरं मारून हसायला लागल्या. कुणीतरी रादोयकोच्या तोंडाला पाण्याचा ग्लास लावला, कारण त्याला हात उचलायची परवानगी नव्हती.

शेवटच्या क्रेटची पावती निघाली तेव्हा तिहोमिरने घड्याळ बघितलं. मग ते कानाला लावून बघितलं. "आठ वाजायचेत अजून," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात थोडी भीतीच होती.

मी उपड्या क्रेटवर बसलो आणि हसत सुटलो. विदाने येऊन माझं डोकं पोटाशी धरलं, जे ती लग्नानंतर सहसा करत नाही. मी मॅनेजरला फोन लावला. म्हटलं, "साहेब, ट्रक निघतोय. वेळेच्या आधी." त्याने वेळ दोनदा विचारून घेतली. मग तो म्हणाला, "बरं. मग केंद्र राहू दे." बाहेर बातमी गेली तशी कुणीतरी अकॉर्डियन आणायला पळालं. मला आठवड्याभरात पहिल्यांदा कडकडून भूक लागली. मी विदाला म्हटलं, फ्रीजमध्ये काही उरलंय का, आणि ती म्हणाली, भावोजींनी ठेवलं तर ना.

रादोयकोला मावशींनी मोकळं केलं. तो उकडलेल्या बटाट्यासारखा दिसत होता. "दोन मिनिटं गारव्यात बसतो," एवढंच म्हणाला आणि ट्रकच्या मागच्या दारातून आत, क्रेटांच्या पलीकडे गेला. तिहोमिरने पावत्या खिशात घातल्या, दार ओढलं, कडी घातली आणि गाडी सुरू केली. आम्ही सगळ्यांनी रस्त्यावर येऊन हात हलवले.

शहरात कोल्ड स्टोरेजच्या काट्यावर आमचा माल पावत्यांपेक्षा ब्याण्णव किलो जास्त भरला. तो रादोयको होता.